ट्रकच्या चाकावरची सुगडं

माझ्या स्टुडिओत खिडकीशी एक वस्तू ठेवलेली आहे. पांढऱ्या वॉशबेसिनचा हाताच्या पंजाएवढा तुकडा आणि त्यावर सांडलेल्या काकवीसारखी पसरून घट्ट झालेली काळपट तांबडी माती. गेल्या वर्षी इथल्या एका गॅलरीतली तरुण मुलगी माझी भांडी निवडायला आली होती. चाळीसेक भांडी मी पुसून, ओळीत मांडून ठेवली होती. बाई त्या सगळ्यांना वळसा घालून थेट त्या तुकड्यापाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ डोकं कलतं करून बघत राहिली आणि म्हणाली, ही तुमची सगळ्यात प्रामाणिक कलाकृती आहे. पूर्वेची माती पश्चिमेच्या पांढऱ्या रंगावर वितळते आहे, त्यात मिसळत नाही आणि सुटतही नाही, एशियन-अमेरिकन माणसाची अवस्था याहून नेमकी कशी दाखवणार? मी तिला म्हटलं, बाळ, हे मी केलेलं नाही, माझ्या बाबांच्या हातून झालेली ती चूक आहे. आणि खालचा पांढरा तुकडा पश्चिमेचा नाही, शारजात बनलेल्या बेसिनचा आहे. तिने तेही वहीत लिहून घेतलं.

एशियन-अमेरिकन हे नाव मला फार उशिरा चिकटलं. लहानपणी सुट्टीत पेणजवळच्या आमच्या गावी गेलो की आम्ही 'दुबईवाले' असायचो. राहायचो शारजात, पण गावाच्या हिशोबी शारजात फक्त क्रिकेट होतं, माणसं राहायची ती दुबईत. शारजात आम्ही 'इंडियन', शाळेतल्या मल्याळी मुलींच्या लेखी मी 'बॉम्बेवाली', आणि मुंबई मी पाहिली होती ती विमानतळाबाहेर टॅक्सी मिळेपर्यंत. अमेरिकेत आल्यावर एकदम अख्खा खंडच नावावर चढला. मला त्याचं दुःख नाही, उलट थोडी गंमतच वाटते. पण कुणी फारच खोदून विचारलं की तू नक्की कोण, तर मला त्या वर्षीची संक्रांत आठवते. मी तेरा वर्षांची होते आणि त्या एका महिन्यात मी कोण आहे हे मला पुरतं कळलं होतं. पुढची सगळी वर्षं मी ते इतरांना समजावण्यात घालवली आहेत.

आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतला एसी दिवसभर घरघरत असायचा आणि तो बंद झाला की घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता व्हायची. खाली एक बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, तिथून टोपलीला दोरी बांधून आई कोथिंबीर वर ओढून घ्यायची. पाच वेळची बांग, तीन शिट्ट्यांचा कुकर आणि समोरच्या इमारतीतल्या बाळाचं रडणं, एवढ्यावर आमचं घड्याळ चालायचं. शुक्रवारी सकाळी बाबा पठाणाच्या तंदूरमधून गरम खुबूसची रोटी आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सायकलच्या चाकाएवढी. आई त्याबरोबर पिठलं करायची. खुबूस आणि पिठलं ही जोडी मी पुढे कुठेच पाहिली नाही, आणि अजून आजारी पडले की मला तेच खावंसं वाटतं. गावाहून कुणी आलं की सुके बोंबील यायचे. मग आठवडाभर आई एसी लावताना कचरायची, कारण तो वास लिफ्टपर्यंत जायचा.

बाबा शारजाच्या औद्योगिक भागात एका सॅनिटरीवेअरच्या कारखान्यात मोल्ड विभागात फोरमन होते. स्पष्टच सांगायचं तर ते कमोड बनवायचे. प्लास्टरचे साचे करायचे, त्यात चिकणमातीचा घोल ओतला जायचा, आणि साचा उघडला की आतून ओला, राखाडी कमोड निघायचा. घरी येताना त्यांच्या बुटांवर, भुवयांवर, मनगटावरच्या घड्याळावर प्लास्टरची पांढरी भुकटी असायची. त्यांना त्या कामाची लाज अजिबात नव्हती. पाहुण्यांच्या घरी गेलो की ते आधी बाथरूममध्ये डोकावून यायचे आणि येऊन सांगायचे, "आपलाच आहे. सात वर्षांपूर्वीचा साचा." एवढी वळणं असलेली दुसरी वस्तू जगात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "मूर्तीला पाठ सपाट चालते, अशू. याला आतून-बाहेरून सगळीकडून बरोबर यावं लागतं."

लाज होती ती आईला आणि मला. मी शाळेत सांगितलं होतं की माझे वडील फुलदाण्या बनवतात. आईने मंडळातल्या बायकांना सांगितलं होतं, "हे सिरॅमिक कंपनीत टेक्निकल साइडला आहेत." हे दोन्ही तसं खोटं नव्हतं, फक्त एका ठिकाणी थांबलेलं होतं. त्याच्या पलीकडे आणखी एक गोष्ट होती जी आई कधीच बोलायची नाही. आम्ही कुंभार. बाबांचे वडील, आमचे आबा, गावात अजून चाक फिरवत होते. लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षं आई आजीबरोबर डोक्यावर पाटी घेऊन संक्रांतीची सुगडं घरोघर द्यायला जायची. मागच्या दाराने जायचं, बाहेर उभं राहायचं, सुपात तांदूळ मिळायचे. आईला कुणी वाईट बोललं नव्हतं. पण ते मागच्या दाराशी उभं राहणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. शारजात आमचं आडनाव पेणकर, त्यावरून कुणाला काही कळत नसे, आणि आईला ते तसंच राहायला हवं होतं.

मंडळ म्हणजे आठ मराठी कुटुंबांतल्या बायका. त्यांच्या म्होरक्या नेनेकाकू, राहायच्या बुर दुबईत अल मनखूलला. काकू उंच, गोऱ्या, बोलायला मोकळ्या आणि कुठल्याही गोष्टीचा निकाल दोन वाक्यांत लावणाऱ्या. आखातात सगळे सण शुक्रवारी येतात. गुढीपाडवा शुक्रवारी, दसरा शुक्रवारी, आणि तिथीचं काय असं कुणी विचारलं तर काकू म्हणायच्या, "देवाला इथली सुट्टी माहीत आहे." संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी त्यांच्याकडे सगळ्यांची एकत्र सुगडपूजा आणि हळदीकुंकू असायचं. ऊस रसवाल्याकडून, गाजरं बकाल्यातून, बोरं बुर दुबईच्या बाजारातून. फक्त सुगडं मिळत नसत. त्यामुळे सहा वर्षं काकूंकडे थर्माकोलच्या ग्लासांना हळदीकुंकवाची बोटं ओढून त्यांचीच पूजा व्हायची. आदल्याच वर्षी एक ग्लास निरांजनाच्या फार जवळ गेला आणि आपल्या जागी बसल्या बसल्या आक्रसून बोराएवढा झाला.

तेव्हा त्या वर्षी आईच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, यंदा सुगडं मी आणते. आमच्या गावाहून मागवते." प्रत्येकीची पाच, अशी चाळीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई घरी आली ती तरंगतच. तिने गावी पत्र पाठवलं, आबांनी चाळीस सुगडं केली, आजीने भाताच्या पेंढ्यात बांधली, आणि गावचा एक ओळखीचा माणूस नोकरीवर परतताना ती बरोबर घेऊन आला. खोक्यावर चारी बाजूंनी लाल अक्षरांत 'काच' असं लिहिलं होतं, मराठीत. विमानतळावर सामान टाकणाऱ्यांना ते कितपत वाचता आलं कुणास ठाऊक. खोकं उचललं तेव्हाच आतून वाळू सरकल्यासारखा आवाज आला. आईने जमिनीवर जुनी चादर पसरली आणि त्यावर ते उपडं केलं. एकसुद्धा अख्खं नव्हतं.

आई रडली नाही. ती चादरीशेजारी बसून राहिली आणि म्हणाली, "आता थर्माकोलच."

बाबांनी एक खापर उचललं, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आबांनी काठ जाड ठेवलाय. लांब जायचंय हे माहीत होतं त्यांना." मग म्हणाले, "अजून महिना आहे. मी करतो."

"अहो, काहीतरीच काय? लोकांना काय सांगू?"

"गावाहून आली म्हणून सांग. मी गावचाच आहे ना."

आईने ते चालवून घेतलं. अट मात्र तिने घातली: कुठल्याही परिस्थितीत हे मंडळात कळता कामा नये. आणि माझ्याकडे वळून बोट रोखून म्हणाली, "तू तर तोंडच उघडायचं नाहीस." मी म्हटलं, "ओके, ओके, आय वोन्ट." त्या काळात आम्ही सगळी मुलं आईबापांशी असंच बोलायचो. ते मराठीत विचारायचे, आम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचो, आणि यात काही विचित्र आहे असं दोघांनाही वाटत नसे.

सगळ्यात आधी चाक हवं होतं. कारखान्यात सगळं काम साच्यांचं, तिथे चाक कुठलं असायला. बाबा मला घेऊन हमीदचाचांकडे गेले. हमीदचाचा रत्नागिरीकडचे, किनाऱ्यावरच्या एका गावचे. औद्योगिक भागात त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. बाबांनी आपली गरज सांगितली. चाचांनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दत्ताभाई, नीट फिरणारं, जड, आणि थांबता न थांबणारं. असंच ना?"

"असंच."

"अरे मग ट्रकचं काय वाईट आहे?"

एका मोडीत काढलेल्या ट्रकचा हब बेअरिंगसकट त्यांनी काढला, तो सिमेंट भरलेल्या टायरमध्ये उभा रोवला, वर रिम बसवली आणि रिमवर प्लायवुडची गोल फळी बोल्टांनी आवळली. गावचं चाक काठीने फिरवतात, त्याला काठी अडकवायला खाच असते. इथे बोल्टची भोकं आयतीच होती. बाबांनी एका भोकात लोखंडी सळई घातली आणि उकिडवं बसून चाकाला चार गरके दिले. ते फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. चाचा बघत होते, म्हणाले, "माशाल्ला. चाळीस टन ओढलंय याने. तुझं मडकं काय जड आहे त्याला."

मातीसाठी पहिल्या शुक्रवारी आम्ही रास अल खैमाच्या बाजूला गेलो. डोंगरातून उतरणाऱ्या एका कोरड्या ओढ्यात तांबडी माती आहे असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं. ती त्यांनी हातात चोळली, थुंकी लावून वळली, जिभेवर ठेवून बघितली. आई गाडीतून ओरडली, "अहो, उंटांची जागा आहे ती!" आम्ही सहा गोण्या भरून आणल्या. येताना आईने मेथीचे ठेपले काढले आणि कुणाशी तरी बोलावं तसं स्वतःशीच म्हणाली, "बारीक आहे तशी. पण रेती कमी पडेल." तेव्हा मला कळलं नाही, पण तीही कुंभाराचीच मुलगी होती आणि माती बघून गप्प बसणं तिला जमत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी चाळीस सुगडं काढली. सोळा वर्षांनी चाकावर बसले होते. पहिली चार त्यांनी स्वतःच मोडली, पाचवं ठेवलं. त्यानंतर मात्र त्यांचे हात थांबेचनात. मातीच्या एका उंच गोळ्याच्या डोक्यावरून एकामागून एक सुगडं उतरत होती, दोरा फिरला की सुटत होती. मी बाबांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि याच बाबांबद्दल मी फुलदाण्यांची थाप मारली होती हे आठवून मला फार ओशाळल्यासारखं झालं. थापेतल्या माणसापेक्षा खरा माणूस इतका भारी असताना मी कशाला ती थाप मारली, असं मला मनापासून वाटलं. सुगडं वाळायला जागा नव्हती, म्हणून चाचांच्या आवारातल्या भंगार गाड्यांच्या बॉनेटवर ती मांडली. चार दिवस जानेवारीचं कोवळं ऊन त्यांनी खाल्लं.

मग ती चूक झाली. अशी चूक फक्त कुंभारच करू शकतो. गावात मडकी भाजायची ती पेंढा आणि शेणी रचून, उघड्यावर. तिथे कुंभाराला आयुष्यभर एकच धास्ती असते, आग कमी पडेल. कच्चं राहील, पाण्यात विरघळेल. आग जास्त झाली असं आमच्या घराण्यात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. बाबांनी विचार केला, कारखान्याची भट्टी बाराशे डिग्री, तिच्यात तर ही दगडासारखी पक्की होतील. भट्टीवर कुट्टीअंकल होते, केरळचे, बाबांचे डबा वाटून खाणारे मित्र. सुपरवायझरला न विचारता दोघांनी भट्टीत जाणाऱ्या बेसिनांच्या गाडीवर मधल्या जागेत चाळीस सुगडं बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी भट्टीबाहेर आली. कुट्टीअंकल मोल्ड विभागात धावत आले आणि म्हणाले, "दत्ता, तेरा मटका पानी हो गया!"

खरंच पाणी झालं होतं. आगीत ती ओढ्याची माती वितळून, उकळून, फोड येऊन बेसिनांवर सांडली होती. दोन बेसिनं वाया गेली. बाबा स्वतःच सुपरवायझरकडे गेले आणि माझ्यामुळे झालं म्हणून सांगितलं. त्याने अर्धा तास तोंड सोडलं आणि शेवटी ते बेसिन पुन्हा एकदा बघून त्यालाच हसू आलं. "खलास. पुन्हा असं काही केलंस तर तुला त्यात घालीन." बाबांनी मोडीतून एक तुकडा घरी आणला, तोच हा, माझ्या खिडकीतला. त्या संध्याकाळी मात्र ते हसले नाहीत. टेबलावर तुकडा ठेवला आणि म्हणाले, "आबा इथे असते तर मला चाकावरून उठवलं असतं."

आणि तिथे आई उठली. चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवलेली आबांची खापरं तिने खेचत आणली, खलबत्ता काढला आणि कुटायला बसली. "कारखान्याची आग नको आपल्याला," ती म्हणाली. "उघडी आग घ्या. आणि मातीत खापराची रेती घाला, म्हणजे तडकणार नाहीत. हे काय मी सांगायचं तुम्हाला?" तिने ती भुकटी आपल्या पिठाच्या चाळणीतून चाळली, बोटांत चोळून बघितली, पुन्हा कुटली. दोन दिवस आमच्या घरातून कुटण्याचा आवाज येत होता. खालचा बकालेवाला मला विचारत होता, मसाला करताय का एवढा?

त्या शुक्रवारी चाचांच्या आवारात आम्ही तिघं होतो. आई माती तुडवत होती, साडी खोचून, अनवाणी, आणि मधूनच बाबांना "ओली झाली", "अजून घ्या" असं सांगत होती. दुपारी बाबांची कंबर धरली. सदतीस झाली होती. ते भिंतीला टेकून बसले. चाक अजून फिरत होतं. मला काय वाटलं सांगता येत नाही, मी पुढे सरकले आणि मातीवर हात ठेवला.

"अशू!" आई ओरडली. "चाकाला बायका हात लावत नाहीत!"

हे खरंच आहे. आमच्यात बाई माती आणेल, तुडवेल, चोपून घडवेल, रंगवेल, डोक्यावर घेऊन विकेल. चाकावर बसायचं नाही. का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "कोणत्या चाकाला?"

"कोणत्या म्हणजे? कुंभाराच्या."

"हे ट्रकचं आहे."

हमीदचाचा गाडीखालून ओरडले, "बरोबर आहे, भाभी. पेपर आहेत माझ्याकडे!"

आई तोंड वळवून हसायला लागली आणि बाबांनी सरकून माझ्या हातांवर हात ठेवले. पहिलं सुगड मी उडवून दिलं, ते चाचांच्या रेडिओवर जाऊन बसलं. पण संध्याकाळपर्यंत तीन उभी राहिली. तिन्ही वाकडी, एकाचा तर काठ एका बाजूला असा झुकलेला की ते कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतंय असं वाटावं. इथे मी इतकी वर्षं मुलांना चाक शिकवते. कुणाचं पहिलं भांडं वाकडं झालं आणि ते खट्टू झालं की मला तो काठ आठवतो, आणि मी त्यांना ते मोडू देत नाही.

भाजणं झालं ते तेलाच्या पिंपात. पिंप आधी जाळून साफ केलं, बाजूंना भोकं पाडली, शेजारच्या सुतारकामाच्या दुकानातला भुसा, पॅलेटच्या फळ्या, आणि मधे थर देऊन सुगडं. चाचा पाण्याचा पाइप धरून बंबवाल्यासारखे उभे होते. धूर निघाला तसा पलीकडच्या दुकानातला एक पठाण आला, वास घेऊन म्हणाला, "क्या पका रहे हो?" चाचा म्हणाले, "बर्तन." तो म्हणाला, "बर्तन में क्या?" चाचा म्हणाले, "सिर्फ बर्तन." पठाण निराश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी पिंप उघडलं. भुशाच्या धुराने सुगडं काळीभोर झाली होती, गावाकडे लागतात तशी. बाबांनी एक उचलून बोटाने टिचकी मारली. ते खणकन वाजलं. आई एकेक उचलून वाजवत गेली, चाळिसाव्यापर्यंत, आणि शेवटचं वाजवून झाल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला. धुरामुळे, असं ती अजून म्हणते.

पूजेच्या दिवशी गाडीत आईने मला पुन्हा बजावलं. पेणहून आली, आबांनी केली, बास. बाबा गाडीतच थांबले, कारण हळदीकुंकवाला पुरुषांचं काय काम. काकूंच्या हॉलमध्ये खोकं उघडलं तेव्हा बायकांच्या तोंडून "अय्या" निघालं. कुणी हातात घेऊन कुरवाळलं, कुणी नाकाशी नेलं. ऊस, गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे भरले गेले. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आणि मग नेनेकाकूंच्या वाट्याला ते कान देऊन ऐकणारं सुगड आलं. त्यांनी ते पाटावर ठेवलं, ते कललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कललं. काकू हसत म्हणाल्या, "पेणचा कुंभार म्हातारा झाला वाटतं गं. हात थरथरतोय बिचाऱ्याचा."

सगळ्या हसल्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण मला आबा दिसले, काठ जाड ठेवणारे. आणि बाबा दिसले, खाली गाडीत बसलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही इज नॉट ओल्ड! आय मेड दॅट वन!"

सगळ्या आईकडे बघायला लागल्या. 'काहीतरी बडबडते ही पोरगी' एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं, आणि तिने ते म्हणावं अशीच मी त्या क्षणी देवाकडे प्रार्थना करत होते. आईने हातातलं गाजर सुगडात ठेवलं.

"हो, तिनेच केलंय," ती म्हणाली. "आबांची प्रवासात फुटली. ही सगळी ह्यांनी केली, इथे शारजात. आम्ही कुंभार आहोत, वहिनी. मी सासूबाईंबरोबर दारोदार सुगडं दिलीत." तिने वाकड्या सुगडाकडे बोट केलं. "आणि हे वाकडं आहे ना, ते आमच्या सात पिढ्यांत चाकावर बसलेल्या पहिल्या मुलीचं आहे. म्हणून वाकडं आहे."

नेनेकाकू कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "अगं, मग सहा वर्षं का बोलली नाहीस? थर्माकोल पुजला ना मी सहा वर्षं!" आणि त्या अशा काही हसायला लागल्या की कुणालाच थांबता येईना. सगळ्याच हसल्या असं नाही. एक बाई गप्प झाल्या आणि जाताना त्यांनी आपली पाचही सुगडं तिथेच विसरल्यासारखी ठेवली. आईने ती पदरात गोळा केली. त्यातलं एक माझ्याकडे आहे, त्यात मी ब्रश ठेवते. ते मी कधी प्रदर्शनात मांडलेलं नाही.

वाकडं सुगड काकूंनी देवघरात ठेवलं, खाली तांदळाचा ढीग करून. आम्ही खाली उतरलो. बाबांनी काच खाली केली. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, पदरातल्या सुगडांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कळलं?"

"कळलं," आई म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. सुगडं मांडीवर घेतली, पट्टा लावला, आरशात बघून कुंकू नीट केलं. बाबा काही विचारायला घाबरत होते, हे मला मागून त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"पुढच्या वर्षी साठ लागतील," ती म्हणाली. "अजमानच्या बायकांनाही हवीत. आणि नेनेवहिनींना तुळशीला कुंडी हवी आहे."

बाबांनी नाक पुसलं, "यल्ला, चला," असं स्वतःलाच म्हणाले आणि गाडी सुरू केली. शारजात शिरल्यावर घराकडे उजवीकडे वळायचं असतं. बाबा डावीकडे वळले, चाचांच्या गॅरेजच्या रस्त्याला. आईने मागे वळून मला सांगितलं, "बाह्या वर कर. परकर खराब करू नकोस."